‘इस्लाममध्ये हे चालतं का?’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरजेत आम्ही काही जण महिन्यातून एकदा बसून धर्मांवरचं काहीबाही वाचतो. गटात मुसलमान आहेत, मराठा आहेत, जैन-लिंगायत आहेत, देव न मानणारेही आहेत. बैठकीत विचारायचं राहून गेलेलं नंतर चहाच्या गाड्यावर विचारलं जातं. तिथंही जीभ रेटली नाही तर तो प्रश्न रात्री साडेअकराला व्हॉट्सअॅपवर येतो. त्यातले नेहमी येणारे प्रश्न इथं घेतले आहेत. उत्तरं माझी आहेत आणि गटातल्या सगळ्यांना ती मान्य नाहीत.

एका वाक्यात सांगा ना, इस्लाम अमक्याबद्दल काय सांगतो?

एका वाक्यात सांगणारा भेटला की समजावं, तो स्वतःचं मत इस्लामच्या नावावर खपवतोय. सुन्नी इस्लाममध्ये शेवटचा शब्द देणारं एकच पीठ नाही. हनफी, शाफई, मालिकी, हंबली असे चार जुने संप्रदाय आहेत आणि चारही एकमेकांना वैध मानतात. लांब कशाला जायचं? घाट उतरून चिपळूणला जा. कोकणी मुसलमान शाफई, आपल्याकडचे बहुतेक हनफी. समुद्रातलं माशाखेरीज इतर काही, म्हणजे म्हाकुल, तिसऱ्या वगैरे, शाफई मताला सहसा चालतं, हनफी मताला चालत नाही. कुराण तेच, पैगंबर तेच, कुंभार्ली घाट ओलांडला की ताट बदलतं.

त्यामुळे कुठल्याही प्रश्नाला मी आधी तीन उपप्रश्न लावतो: कोण म्हणतं, कुठल्या साली म्हटलं, आणि कुणाला उद्देशून. याने लोक वैतागतात. पण खाली बघाल, दर वेळी याच तिघांपाशी यावं लागतं.

देवबंदी, बरेलवी, तबलीगी, अहले हदीस... ही काय भानगड आहे?

१८५७ नंतर सत्ता गेली आणि उत्तर हिंदुस्थानातल्या मुसलमानांपुढे प्रश्न पडला, आता धर्म टिकवायचा कसा? १८६६ मध्ये देवबंदचा मदरसा निघाला. त्यांचं म्हणणं होतं, शास्त्राचं शिक्षण पक्कं करा आणि रूढी-परंपरा गाळा. १८७५ मध्ये सर सय्यद अहमद खानांनी अलीगढला इंग्रजी विद्येचा रस्ता धरला. बरेलीचे अहमद रझा खान (१८५६–१९२१) यांनी पैगंबरांवरची भक्ती, अवलिया, उरूस, फातिहा (मृतांसाठीची प्रार्थना) यांची बाजू शास्त्राधारे मांडली. अहले हदीसवाल्यांना चारांपैकी कुठलाच संप्रदाय बांधील वाटत नाही. ते थेट कुराण आणि हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी, यांकडे जातात. तबलीगी जमात १९२६ च्या सुमारास मेवातमध्ये सुरू झाली. मुसलमानांनाच नमाज-रोजाकडे वळवणं एवढंच तिचं काम, आणि राजकारणाशी संबंध नाही असं ती सांगते.

इथं ओळखायचं कसं? जुम्म्याची नमाज संपल्यावर लोक उभं राहून पैगंबरांवर सलाम म्हणत असतील तर मशीद बरेलवी वळणाची. नमाजात ‘आमीन’ मोठ्याने उठली तर अहले हदीस असण्याची शक्यता जास्त. आणि पाठीवर वळकटी घेऊन, तीन दिवस किंवा चाळीस दिवस काढायला बाहेर पडलेली सात-आठ माणसं एसटी स्टँडवर दिसली तर ते तबलीगी. आपल्या खेड्यापाड्यांतली बहुसंख्या यातल्या कुठल्याच चौकटीत नीट बसत नाही. ती पिराला नवस बोलते, रमजानचे रोजे करते आणि पाटी विचारत नाही.

दर्ग्यात जाणं मूळ इस्लामला मान्य आहे का? मिरजेला तर सगळेच जातात.

मान्य आहे असं म्हणणारे आणि नाही म्हणणारे, दोन्हीकडे मोठे विद्वान आहेत आणि हे भांडण सातशे वर्षांचं तरी आहे. दमास्कसचा इब्न तैमिया (मृत्यू १३२८) कबरींसाठी मुद्दाम प्रवास करण्याच्या विरोधात होता. त्याच्याच काळातल्या पंडितांनी त्याला विरोध केला आणि त्याला तुरुंगही बघावा लागला. अठराव्या शतकात अरबस्तानात मुहंमद इब्न अब्दुल वहाबने तोच धागा पुढे ओढला. विसाव्या शतकात सौदी राज्याकडे तेलाचा पैसा आला आणि ते मत जगभर पोचलं. आज एखादा तरुण आखातातून परततो आणि आजीला म्हणतो, ‘मीरासाहेबांपुढे हात जोडू नकोस.’ तेव्हा त्याला वाटतं, आपण मूळ इस्लाम सांगतोय. प्रत्यक्षात तो एका जुन्या वादातली एक बाजू सांगत असतो. आजी दुसऱ्या बाजूची. तिला अडाणी म्हणायचं काही कारण नाही, तिच्यामागेही ग्रंथांची रांग आहे.

मिरजेच्या ख्वाजा शमना मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाला मान आहे. गलेफ, म्हणजे मजारीवर घालायची चादर, वाजतगाजत येते. जातिव्यवस्थेच्या तळाला ढकललेल्या समाजाला देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत जायला मिळत नव्हतं त्या काळापासून इथं मानाची जागा आहे. याला शिर्क, म्हणजे अल्लाच्या जोडीला दुसऱ्याला बसवणं, म्हणायचं असेल त्यांनी म्हणावं, पण म्हणण्याआधी हा मान कुणाला आणि का मिळाला हे तरी बघावं.

बायकांच्या प्रवेशाचं विचाराल तर तो वादही एकमुखी नाही. मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात मजारीपर्यंत जायला स्त्रियांना बंदी घातली होती. २०१६ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती उठवली. ती बंदीसुद्धा अनादि नव्हती, काही वर्षांपूर्वीच घातलेली होती.

मोहरम शिया लोकांचा. मग कडेगावात शिया कुठे आहेत?

नाहीत, आणि म्हणूनच हा प्रश्न मला फार आवडतो.

हिजरी ६१ म्हणजे इ.स. ६८० मध्ये करबलाच्या मैदानात पैगंबरांचे नातू हुसेन मारले गेले. त्याचा शोक शिया पंथाच्या केंद्रस्थानी आहे. आपल्याकडे तो आला विजापूरहून. यूसुफ आदिलशहाने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला शिया मत दरबारात आणलं. पुढे पहिल्या इब्राहिमने ते मोडून सुन्नी केलं, पहिल्या अलीने पुन्हा शिया. दरबारात असा लपंडाव चालला, गावांनी मात्र पंजे, ताबूत, करबलची गाणी, मलिदा, चोंगे सगळं उचललं आणि स्वतःचं केलं. शाही गेली, शिया दरबार गेला, ताबूत राहिले.

कडेगावचे ताबूत एकदा जवळ उभं राहून बघा. बांबू आणि रंगीत कागद, अष्टकोनी मजले, आणि बांधणी उलटी: आधी कळस, मग खाली खाली येत पाया. गावठाणातल्या अरुंद वाटेने एवढा उंच डोलारा खांद्यांवर निघतो तेव्हा वर बघणारे वेगळे आणि खाली पाय सांभाळणारे वेगळे. पुढं भेटीचा सोहळा, तिथं ताबूत एकमेकांना भेटतात. यातले काही ताबूत हिंदू घराण्यांच्या मानाचे आहेत.

आता गंमत. देवबंदी आणि अहले हदीस याला विरोध करतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण उरूस-फातिहाची बाजू घेणाऱ्या अहमद रझा खानांनीही ताजिया, म्हणजे ताबूत, काढायला विरोध केला होता. म्हणजे कुठल्याच मौलवीचा भक्कम पाठिंबा नसताना हा सण शेकडो वर्षं चाललाय. त्याला आधार आहे तो मानकऱ्यांचा आणि गावकीचा. धर्माचा अभ्यास फक्त ग्रंथांवरून करणाऱ्याला कडेगाव दिसणारच नाही.

संगीत हराम आहे म्हणतात. मग अब्दुल करीम खाँसाहेब?

इमाम गझालींनी (मृत्यू ११११) आपल्या सर्वांत मोठ्या ग्रंथात या विषयाला वेगळं प्रकरण दिलं आणि अटी घालून संगीत श्रवणाला परवानगी दिली. चिश्ती सुफींनी तर ते साधनेचाच भाग केलं. नक्षबंदी सुफी बहुतेक दूर राहिले. ठाम नकार देणारेही तेव्हापासून आजपर्यंत आहेत.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेत स्थायिक झाले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायले आणि तिथंच दफन आहेत. उरुसात दर्ग्याच्या आवारात चिंचेच्या झाडाखाली त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. तंबोरे-सतारी बनवणारी मिरजेतली घराणी मूळची शिकलगार, हत्यारांना धार लावणारी. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. देशभरच्या देवळांत, मठांत ज्या तंबोऱ्यावर भजन होतं तो मिरजेत मुसलमान कारागिराने भोपळा पारखून, जवारी (तारेचा गुंजणारा नाद) लावून दिलेला असतो. जवारी बघताना तो खर्जाची तार छेडतो, घोडीवर दोऱ्याचा तुकडा किंचित सरकवतो, पुन्हा कान लावतो. हराम-हलालची चर्चा त्याच्यापुढे काढली तर तो बहुधा तुम्हाला स्टूल देईल आणि कामाला लागेल.

तुलनात्मक धर्म-अभ्यास म्हणजे कुणाचा धर्म भारी हे ठरवणं का?

यूट्यूबवर त्या नावाने जे चालतं ते तसंच आहे. त्यालाही परंपरा आहे, मुनाझरा म्हणतात. १८५४ मध्ये आग्र्यात रहमतुल्ला कैरानवी आणि जर्मन मिशनरी फँडर यांचा जाहीर वाद झाला. १८७७ मध्ये शाहजहाँपूरजवळ चांदापूरच्या मेळ्यात मौलाना कासिम नानौतवी, स्वामी दयानंद आणि पाद्री एकाच मंडपात भिडले. दक्षिण आफ्रिकेतल्या अहमद दीदात यांनी विसाव्या शतकात त्याची व्हिडिओ कॅसेट केली आणि पुढे सॅटेलाइट चॅनेल आले. या कुस्तीत नियम एकच: माझा ग्रंथ विरुद्ध तुझी गल्ली. आपल्या धर्मातलं सर्वांत उदात्त वचन काढायचं आणि समोरच्याच्या मोहल्ल्यातलं सर्वांत वाईट उदाहरण. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून.

दुसरी परंपरा याच्याहून जुनी आहे. अल्-बिरुनी गझनीच्या महमुदाच्या राज्यातला, म्हणजे ज्या सैन्याने देवळं लुटली त्याच राजवटीतला. पण त्याने संस्कृतशी झटापट केली, पतंजलीचं योगशास्त्र अरबीत नेलं आणि १०३० च्या सुमारास हिंदूंवर ग्रंथ लिहिला. त्यात तो वाद घालणार नाही, हिंदूंचं म्हणणं हिंदूंच्याच तोंडून मांडणार असं सुरुवातीलाच बजावतो. दारा शिकोहने १६५७ मध्ये बनारसच्या पंडितांना घेऊन पन्नास उपनिषदं फारसीत आणली. युरोपला उपनिषदं पहिल्यांदा मिळाली ती त्याच फारसीवरून केलेल्या लॅटिन भाषांतरातून. दोन वर्षांनी औरंगजेबाने दाराला मारलं. साल १६५९. त्याच साली प्रतापगडाखाली अफझलखान पडला.

आमच्या गटाचा नियम साधा आहे. ग्रंथ ग्रंथाशी लावायचा, चालीरीत चालीरीतीशी, राज्य राज्याशी. मनुस्मृतीसमोर हनफी फिकहची, म्हणजे धर्मकायद्याची, पोथी ठेवा, तुकारामांसमोर सुफी कवी बुल्ले शाह ठेवा. तुकारामांसमोर तालिबान ठेवलंत तर ती तुलना नाही, खोडी आहे.

आणि साम्य दिसलं की लगेच ‘बघा, सगळे धर्म एकच’ म्हणून टाळ्या पिटू नका. सतराव्या शतकात विजापूरच्या चिश्ती सुफींनी दखनी भाषेत चक्कीनामे रचले. जातं फिरवताना म्हणायची गाणी, खुंटा धरावा आणि अल्लाचं नाव घ्यावं. आपल्या आज्या जात्यावर विठ्ठलाच्या ओव्या म्हणत होत्या. जातं तेच, पहाटेची वेळ तीच, बाईचे हात तेच. पण चक्कीनामा बाईला निराकाराकडे आणि पीर-मुर्शिदाकडे नेतो, ओवी कटेवर हात ठेवलेल्या सावळ्या मूर्तीकडे. साम्य जात्यात आहे, दाणा वेगळा. दोन्ही नीट ऐकायला वेळ लागतो.

शरियत देवाची म्हणता, मग ती बदलणार कशी? तलाकचं काय?

हिंदुस्थानात जी ‘शरियत’ कोर्टात चालते तिची जन्मतारीख सांगता येते. १९३७ चा कायदा. त्याआधी खोजा, कच्छी मेमन यांच्यासारखे कितीतरी मुसलमान वारसाहक्कात रूढीने चालायचे आणि त्या रूढीत मुलींना बहुधा काही नसायचं. म्हणजे १९३७ ला शरियत लागू करणं ही त्या काळची सुधारणा होती. शेतजमीन मात्र त्यातून वगळली. का वगळली असेल हे सांगली-साताऱ्याच्या माणसाला समजावून सांगायला नको.

१९३९ चा किस्सा अजून बोलका आहे. हनफी मतानुसार नवरा परागंदा झाला किंवा छळत असला तरी बाईला सुटका मिळणं जवळजवळ अशक्य होतं. पंजाबात बायका त्यातून सुटण्यासाठी धर्मांतर करू लागल्या, कारण धर्म सोडला की निकाह तुटतो. हे पाहून अशरफ अली थानवी, जुन्या वळणाचे देवबंदी मौलाना, पुढे झाले. त्यांनी या बाबतीत मालिकी संप्रदायाचं मत घ्यावं असा फतवा काढला, त्यासाठी थेट मदिनेच्या मालिकी पंडितांशी पत्रव्यवहार केला. त्यातून १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. कोण म्हणतं? दाढीवाले मौलाना. कुठल्या साली? बायका हातच्या जाऊ लागल्या तेव्हा. ‘शरियत बदलत नाही’ म्हणणाऱ्याला हे साल विचारावं.

एका बैठकीतले तीन तलाक हनफी मतात लागू पडत. अहले हदीस ते एकच तलाक धरतात, शिया धरतच नाहीत. इजिप्तने १९२९ मध्ये, पाकिस्तानने १९६१ मध्ये कायद्याने वाट बदलली. आपल्याकडे २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ही प्रथा रद्द केली आणि २०१९ मध्ये ती तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरली. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाचा कोर्टातला पवित्रा असा की असा तलाक देणं पाप आहे, पण तो लागू पडतो. आपणच पाप म्हणायचं आणि आपणच राखायचं, हा बचाव हरायलाच निघाला होता. त्याच वेळी, नवऱ्याला तुरुंगात घालून बाईला पोटगी कुठून मिळणार, हा कायद्याविरुद्धचा आक्षेपही खोटा नाही.

आपल्या मातीतला आवाज विसरू नका. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई (१९३२–१९७७) यांनी १८ एप्रिल १९६६ ला सात मुसलमान बायकांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला. मोजून सात. १९७० मध्ये पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. दलवाई ग्रंथाच्या बाहेर उभे राहून बोलत. विचारवंत असगर अली इंजिनिअर कुराणाच्या आत उभं राहून तेच हक्क मागत. आमच्या गटात यावरून दोन तट आहेत. मला वाटतं, दलवाईंमुळे दार वाजलं, पण घरातल्यांना ते आतून उघडायला लावायचं तर इंजिनिअरांची भाषा लागते.

इस्लाममध्ये धर्म आणि राजकारण वेगळं करताच येत नाही, बरोबर?

हे वाक्य इतक्या ठामपणे बोललं जातं की ते हजार वर्षांपूर्वीचं वाटावं. ते बरंचसं विसाव्या शतकातलं आहे.

३ मार्च १९२४ ला तुर्कस्तानने खिलाफत बरखास्त केली. आता काय? पुढच्याच वर्षी इजिप्तमध्ये अली अब्दुर्राजिक या कैरोच्या अझहर विद्यापीठातल्याच पंडिताने लिहिलं की पैगंबरांचं काम राज्य स्थापणं नव्हतंच, खिलाफत ही धर्माची अट नाही. अझहरने त्याची पदवी काढून घेतली. १९२८ मध्ये हसन अल्-बन्नाने मुस्लिम ब्रदरहूड काढली. आणि इकडे एक माणूस आपल्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, १९०३ मध्ये जन्मला होता, अबुल आला मौदूदी. सार्वभौमत्व फक्त अल्लाचं, म्हणून लोकांचं राज्य नव्हे तर शरियतचं राज्य, हा त्याचा सिद्धांत. १९४१ मध्ये त्याने जमाते इस्लामी स्थापन केली. पुढे इजिप्तच्या सय्यद कुतुबने त्याला आणखी धार लावली. अल् कायदाची वैचारिक वंशावळ काढली तर ती या गल्लीतून जाते, जरी मौदूदी स्वतः निवडणुका लढवणाऱ्या पक्षाचा नेता होता.

आता दुसरी बाजू. देवबंदचे प्रमुख मौलाना हुसैन अहमद मदनी यांनी १९३८ मध्ये मांडलं की आजच्या जगात राष्ट्र वतनावरून बनतं, धर्मावरून नाही, आणि हिंदू-मुसलमान मिळून एक राष्ट्र होऊ शकतात. इक्बालनी त्यांची टर उडवली. मौलाना आझादांनी १९४० मध्ये रामगढच्या काँग्रेस अधिवेशनात हीच भूमिका घेतली. थोडक्यात, धर्माच्या नावावर देश मागणारे जिना सूट-टायमधले बॅरिस्टर, आणि फाळणीला विरोध करणारे मदनी टोपी-दाढीतले मौलाना. कपड्यांवरून राजकारण ओळखणाऱ्यांनी हे चित्र डोळ्यांपुढे ठेवावं.

इराणमध्ये खोमेनींनी १९७९ नंतर फकिहाचं, म्हणजे धर्मशास्त्र्याचं, राज्य आणलं तेव्हा इराकातल्या नजफचे सर्वांत ज्येष्ठ शिया पंडित खोई यांना ते मत मान्य नव्हतं. ट्युनिशियाच्या एन्नहदा पक्षाने २०१६ मध्ये धर्मप्रचार आणि पक्षाचं राजकारण वेगळं करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा ‘करताच येत नाही’ हे मत आहे, वस्तुस्थिती नाही.

कुराणात आम्हाला काफिर म्हटलंय. मग शेजारी कसं राहायचं?

मक्केतल्या ज्या विरोधकांशी युद्ध चालू होतं त्यांच्याबद्दलच्या आयती आणि आज मिरज मार्केटात शेजारच्या गाळ्यात बसलेला माणूस यांचा एकमेकांशी काय संबंध, हा खरा वाद आहे. मध्ययुगीन शास्त्रात संबंध जोडला गेला, जिझिया आला, दुय्यम दर्जा आला. ते झाकायची गरज नाही. दिल्लीच्या मिर्झा मझहर जानेजानांसारखा नक्षबंदी सुफी अठराव्या शतकात वेदांना ईश्वरी ग्रंथांच्या पंगतीत बसवत होता, हेही झाकायला नको.

आजचं सांगतो. इंडोनेशियातली नहदतुल उलेमा ही १९२६ पासूनची, कोट्यवधी अनुयायी असलेली संघटना. २०१९ मध्ये तिच्या उलेमांनी ठराव केला की राष्ट्र-राज्यात बिगरमुस्लिमांना काफिर म्हणू नये, ते नागरिक आहेत. हे भारतातल्या किती मशिदींत जुम्म्याच्या खुत्ब्यात (प्रवचनात) सांगितलं गेलं? मी तरी ऐकलं नाही, आणि ही तक्रार मी आमच्याच लोकांकडे करतो.

दुष्काळात बकरी ईदला कुर्बानी न करता पैसे दान केले तर?

जत-आटपाडी, माण-खटावकडून हा हमखास येतो. हनफी मतात ऐपतदारावर कुर्बानी बंधनकारक आहे. बाकीचे संप्रदाय तिला जोरदार शिफारस मानतात. मोरोक्को मालिकी देश. दुष्काळामुळे तिथल्या राजाने १९९६ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये लोकांना कुर्बानी करू नका असं आवाहन केलं. मांस आणि रक्त अल्लापर्यंत पोचत नाही, पोचते ती तुमची निष्ठा, ही बाविसाव्या सूरेतली आयत गटातले जैन मित्र दर वर्षी आठवणीने पाठवतात.

इस्लाममध्ये जात नाही ना?

कुराणात नाही, सोयरिकीत आहे. आपल्या गावगाड्यात मुलाणी बलुतेदार होता. बागवान, तांबोळी, अत्तार, नदाफ, शिकलगार, मोमीन, मुजावर ही आडनावं म्हणजे धंद्यांची यादी. ‘हा हिंदूंचा संसर्ग’ असं आमच्यातले लोक म्हणतात, पण ते अर्धसत्य आहे. लग्नात तोलामोल बघावा, आणि त्या तोलामोलात धंदाही मोजावा, हे हनफी फिकहच्या ग्रंथांतच आहे. महाराष्ट्र सरकारने १९९४ मध्ये मुसलमानांतल्या मागास जातींना ओबीसींचा लाभ देणारा निर्णय काढला तेव्हा काही उच्चकुलीन मंडळी इस्लाममध्ये जात नसते असं सांगत पुढे आली. स्वतःच्या मुलीसाठी स्थळ बघताना त्यांना ते आठवत नाही.

तुम्ही मराठी इतकं चांगलं कसं बोलता?

आईने शिकवलं. पुढचा प्रश्न.

एवढी मिळूनमिसळून परंपरा आहे, मग दंगली का होतात?

२००९ च्या गणेशोत्सवात मिरजेत स्वागतकमानीवरच्या अफझलखान वधाच्या चित्रावरून दंगल पेटली, संचारबंदी लागली. विधानसभेची निवडणूक महिन्यावर होती. सप्टेंबर २०२३ मध्ये साताऱ्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमांवरच्या मजकुरावरून जमाव मशिदीवर गेला आणि एक तरुण जिवाला मुकला. या दोन्ही जमावांतल्या एकालाही तौहीद (ईश्वर एकच ही श्रद्धा) आणि अद्वैत यांच्यातला फरक विचारला असता तर सांगता आला नसता. दंगलीत धर्मशास्त्र नसतंच.

अफझलखानाबद्दल मला विचारतात तेव्हा मी सांगतो, तो आदिलशाहीचा सरदार, त्याचा वकील कृष्णाजी भास्कर, शिवाजी महाराजांच्या पदरी पुढे वकील म्हणून काझी हैदर. तो लढा राज्याचा होता. मिरजेतल्या मुसलमान पोराने खानाचा पुळका घेऊ नये आणि त्या पोराला कुणी खानाचा वारस ठरवू नये.

म्हणून ‘मिळूनमिसळून’ या शब्दावर फार विसंबू नका. वाळवा तालुक्यात गोटखिंडीत १९८० पासून गणपती मशिदीत बसतो. ते आपोआप चालत नाही. दर वर्षी दोन्ही बाजूंची माणसं आधी बसतात, बोलतात, वर्गणीपासून आरतीच्या वेळेपर्यंत ठरवतात.

वक्फ कायद्याबद्दल तुमचं मत?

२०२५ ची दुरुस्ती एप्रिलमध्ये झाली. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ ला काही कलमांना अंतरिम स्थगिती दिली, पूर्ण कायद्याला नाही. वक्फच्या जमिनी आमच्याच पुढाऱ्यांनी खाल्ल्या हे खरं. त्यावरचा उपाय बोर्डाची स्वायत्तता काढून घेणं हा आहे का, यावर माझं मत ‘नाही’. बाकी वकिलाला विचारा.

वाचायला कुठून सुरुवात करू? अरबी येत नाही.

मराठीतूनच करा. वाईला मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे, कोश आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो, आणि इस्लामवरच्या त्यातल्या नोंदी शांत डोक्याने लिहिलेल्या आहेत. त्याच वाईतल्या प्राज्ञपाठशाळेत १९१७ मध्ये विनोबा शिकायला येऊन राहिले होते. पुढे त्यांनी अरबी शिकून कुराणातल्या निवडक आयतींचं सार काढलं. ते पहिलं पुस्तक म्हणून उत्तम.

नंतर महात्मा फुले घ्या. घराणं मूळचं आपल्या खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. त्यांनी मुहंमद पैगंबरांवर ‘मानव महंमद’ ही कविता लिहिली. १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आलेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त ते एक घर कल्पितात. त्यात बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी, आणि चौघंही एकमेकांचा हेवा न करता राहतात. गटात हा उतारा वाचला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मग स्वयंपाक कोण करणार? त्यावर आमचा एक अख्खा रविवार गेला आहे.

कुराणाचा मराठी अनुवाद त्यानंतर उघडा, आणि पहिल्या पानापासून सरळ वाचत सुटू नका, दुसरी सूरा लांबलचक आहे, दमायला होतं. शेवटच्या छोट्या, मक्केतल्या सूरा आधी वाचा. अडलं तर खूण करून ठेवा आणि बैठकीला घेऊन या.